जुनी पिकअप : इंजिन बांधण्यापूर्वीं काय पाहावें

माल बाजारपेठेंत नेण्यासाठीं आमच्या पुष्कळ वाचकांच्या दारांत दहा-पंधरा वर्षांची डिझेल पिकअप उभी असते. भारत स्टेज ४ चे नियम १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशांत लागू झाले. त्यापूर्वींच्या ज्या गाड्यांचा डिझेल पंप केवळ यांत्रिक आहे, त्यांच्याविषयीं आम्ही येथें लिहीत आहों. अशी गाडी ओढीनाशी झाली किंवा धूर सोडूं लागली कीं, 'इंजिन बांधावें लागेल' हेंच उत्तर मालकास बहुधा ऐकावें लागतें. त्या उत्तरापायीं एखाद्या पिकाचा सारा नफा खर्चीं पडतो, आणि मूळ दोष पुष्कळदां इंजिनाच्या बाहेरच असतो.

प्रथम धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी अथवा डिझेल अधिक. ऊस किंवा कांदा भरण्याच्या दिवसांत गाडी सतत धुळींत फिरते. तेव्हां हवेचा फिल्टर आधीं उघडावा. तो स्वच्छ असूनही धूर राहिला तर नोझल काढून यंत्रावर तपासून घ्यावे. निळा धूर हा इंजिन-ऑइल जळत असल्याची खूण होय. परंतु रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतांना तो क्षणभर निघून थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचीं सीलें गेलेलीं असतात. भार असतां सतत निळा धूर निघत असेल, तरच रिंगा व लायनर यांच्याकडे वळावें. पांढरा धूर थंडीच्या सकाळीं थोडा वेळ दिसला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही तो राहिला, पाणी कमी होत गेलें आणि रेडिएटरांत बुडबुडे येऊं लागले, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय धरावा. अशी गाडी तशीच पुढें रेटणें म्हणजे हेड वांकडें होण्यास निमंत्रण देणें होय.

गाडी गरम होण्याचीं कारणें याहून साधीं असतात. पाणी १०० अंशांवर उकळतें, परंतु रेडिएटरच्या टोपणानें आंत सुमारें एक किलोचा दाब धरून ठेवला तर तेंच १२० अंशांच्या आसपास उकळतें. टोपणाचें रबर चिरलें कीं हा आधार जातो. दुसरें कारण बोअरिंगचें पाणी. त्यांतील क्षार नळ्यांत बसून जाड थर धरतात. म्हणून शुद्ध पाणी व कूलंट यांचें मिश्रणच घालावें. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्यानें इंजिन थंडच चालतें, डिझेल अधिक जातें आणि लायनर लौकर झिजतात. संशय असल्यास थर्मोस्टॅट पातेल्यांतील पाण्यांत सोडून पाणी तापवावें. त्यावर छापलेल्या अंशांच्या जवळपास तो उघडला तर निर्दोष समजावा.

डिझेल संपून किंवा फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू होईना, तर तिनें हवा घेतली असें समजावें. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावें. बुडबुडे थांबून अखंड डिझेल आलें कीं स्क्रू आवळावा. सुरू इंजिनाच्या नोझलच्या नळीजवळ मात्र कधींही बोट नेऊं नये. ती धार कातडी भेदून आंत शिरते, आणि जखम दिसण्यांत लहान असली तरी तत्काळ शस्त्रक्रियेची गरज असते. नव्या, कॉमन रेलच्या गाड्यांत या नळ्या घरीं उघडूंच नयेत.

आतां जेथें काटकसर करूं नये त्या भागाकडे वळूं. अधिक माल घालतां यावा म्हणून मागें एक-दोन जादा पाटे चढविण्याची चाल सर्वत्र आहे. कांहीं गाड्यांत मागच्या आंसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा भारानें जितका खालीं बसेल तितका अधिक जोर तो मागच्या ब्रेकांस देतो. पाटे कडक केले म्हणजे हौदा खालीं बसत नाहीं, आणि गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्ह ती रिकामीच समजतो. मग सारा ताण पुढच्या ब्रेकांवर येतो व ते घाटांत तापतात. त्यांत ब्रेक ऑइल जुनें असेल तर संकट दुणावतें, कारण तें हवेंतील ओल शोषून घेतें. नवें डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. पुरेशी ओल शिरल्यावर तेंच १४० अंशांच्या सुमारास उकळूं शकतें. ऑइलची वाफ झाली कीं पेडल तळाला जातें. कसारा किंवा कुंभार्ली घाट भरल्या गाडीनें उतरतांना हें घडलें तर मालाचें काय होईल हा प्रश्नच उरत नाहीं.

यास्तव ब्रेक ऑइल दोन वर्षांनीं बदलावें, आणि पाट्यांना हात लावला असेल तर जाणत्या मिस्त्रीकडून तो व्हॉल्व्ह पाहून घ्यावा. त्यानें पाटे मुळांत होते तसेच ठेवण्यास सांगितलें तर तें ऐकावें व खेपेचा माल कमी करावा. एक खेप वाढली तरी चालेल. मागील चाकाच्या आंतील बाजूस ओल दिसली तर व्हील सिलिंडर किंवा आंसाचें ऑइल-सील गळत आहे असें जाणावें. तेलानें भिजलेले ब्रेक-लायनर धुऊन पुन्हा वापरूं नयेत. डिझेल वाचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करणारेही कांहीं आहेत. इंजिन थांबलें म्हणजे ब्रेकला साह्य करणारी निर्वात-पोकळी दोन-चार दाबांत संपते, आणि पेडल दगडासारखें कठीण होतें. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकावा.

पाट्यांचें काम झाल्यावर पहिली भरलेली खेप करून घरीं आलों कीं यू-बोल्टांचे नट पुन्हा आवळावे. ते सैल राहिले तर पाट्यांमधील मधला बोल्ट तुटतो व आंस जागचा सरकतो. या कामास पाना व अर्धा तास पुरतो.