दुखते मान, मग मोजायचे हृदयाचे ठोके कशाला?

मानदुखीच्या अभ्यासात लोकांच्या छातीला इलेक्ट्रोड लावतात, हे ऐकून बरेच जण बुचकळ्यात पडतात. मान कुठे, हृदय कुठे!

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला जुनाट दुखणं म्हणतात. अशी मानदुखी असणारे लोक बरेचदा आणखीही काही सांगतात: झोप लागत नाही, मधूनच धडधडतं, थकवा जात नाही. इथे स्वायत्त मज्जासंस्थेचा संबंध येतो. ठोके, रक्तदाब, घाम, पचन हे सगळं ती आपल्याला न विचारता सांभाळते. तिची सिम्पथेटिक बाजू धावपळीची, पॅरासिम्पथेटिक बाजू विश्रांतीची.

आता ठोक्यांकडे. नाडी मिनिटाला ६० असली तरी ठोके बरोबर सेकंदासेकंदाला पडत नाहीत. एक ९५० मिलिसेकंदांनी, तर पुढचा १०४० नी. श्वास घेताना ते थोडे जलद होतात, सोडताना सावकाश. हा चढउतार मुख्यतः वेगस नसेमुळे, म्हणजे विश्रांतीच्या बाजूमुळे होतो. जुनाट मानदुखी असलेल्या गटात तो कमी आढळल्याचं अनेक अभ्यास सांगतात, सगळे नाही.

पण आधी कोण? दुखणं मेंदूला सतत सावध ठेवतं, झोप बिघडवतं, हालचाल कमी करतं. या तिन्हींमुळे चढउतार घटू शकतो. उलट बाजूही आहे: वेदना दाबणारी आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा मेंदूच्या खोडात एकमेकींत गुंतलेली आहे. एक ढिली पडली तर दुसरीवरही परिणाम होऊ शकतो. दोन गटांची एकदाच तुलना करून याचा निकाल लागत नाही. त्यात वय, चहा-कॉफी, व्यायाम, ताण यांनीही आकडा बदलतो. म्हणून स्मार्टवॉचवरचा एका दिवसाचा कमी आकडा बघून घाबरू नका.

‘मणक्यात नस दबली म्हणून धडधडतंय’ हे मात्र इतकं सरळ नाही. मानेच्या मणक्यांमधून निघून हातात जाणाऱ्या, दबल्यावर मुंग्या आणणाऱ्या नसा वेगळ्या. वेगस कवटीच्या तळातून निघते आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीसोबत खाली उतरते. सिम्पथेटिक तंतू तर पाठीच्या कण्याच्या छातीकडच्या भागातून निघून वर मानेत येतात. शिवाय वयानुसार झालेली मणक्यांची झीज काहीच न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेमध्येही दिसते.

मग करायचं काय? नियमित व्यायामाने मानदुखीला फायदा होतो. मिनिटाला साधारण सहा श्वास, इतक्या संथ श्वसनाने ठोक्यांचा चढउतार तेवढ्यापुरता वाढतो. पण आकडा वाढला म्हणजे दुखणं बरं झालं, असं नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छातीत दाब, मानेत-जबड्यात किंवा हातात पसरणारी कळ, दरदरून घाम, धाप, असं काही झालं तर ‘आपला नेहमीचा स्पॉन्डिलायटिस’ म्हणून बाम चोळत बसू नका. हृदयविकाराच्या झटक्याचं दुखणंही मानेत जाणवतं. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठा.