बटाट्याची साल : कशी व किती काढावी?

जळकोट (ता. तुळजापूर) : नवरात्रात उपवासासाठी घरोघरी बटाटे सोलले जातात. उकडण्यापूर्वी बटाट्याच्या मध्यभागी सुरीने गोलाकार उथळ चीर द्यावी; उकडल्यावर थंड पाण्यात टाकल्यास साल दोन्ही बाजूंनी सहज निघते. कच्चा बटाटा विळीने सोलताना बराच गर वाया जातो. सोलाण्याने साल पातळ निघते. कोवळा नवा बटाटा ओल्या गोणपाटाने घासला तरी पुरे.

मात्र हिरवट बटाट्याबाबत काटकसर नको. सोलानिन हे विषारी द्रव्य प्रामुख्याने सालीत व कोंबांत असते आणि उकडल्याने ते नष्ट होत नाही. अशा बटाट्याची साल उकडण्यापूर्वीच जाड काढावी, कोंब व डोळे कोरून टाकावेत. बटाटा फार हिरवा असल्यास किंवा कडू लागल्यास फेकून द्यावा. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवल्यास सहसा हिरवे पडत नाहीत.