लोककथा कोणाची : लोकांची की सत्तेची?

उजनीचे पाणी खूप खाली गेले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. वर्तमानपत्रांत फोटो येतात, लोक बघायला जातात, मंदिराच्या दंतकथा पुन्हा सांगितल्या जातात. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच पाण्याखाली भीमाकाठची घरे, मळे आणि वस्त्याही गेल्या. त्या वस्त्यांच्या गोष्टी मात्र फारसे कोणी विचारत नाही. इंदापूर-बारामती भागात तरुणांबरोबर काम करताना हा फरक आम्हाला सारखा जाणवतो. म्हणून लोककथा आणि सत्ता यांचे नाते समजून घेणे आपल्या चळवळीला गरजेचे आहे.

लोककथेला एक लेखक नसतो. ती सगळ्यांची असते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. सरकारी हुकमाला माणूस प्रश्न विचारतो, आजीने सांगितलेल्या गोष्टीला सहसा विचारत नाही. हुकूमशहांना नेमका हा विश्वास हवा असतो. तो ते तीन प्रकारे मिळवतात.

पहिला प्रकार : जुन्या गोष्टीला नवा अर्थ चिकटवणे. नाझी जर्मनीत हिमलरच्या पुढाकाराने १९३५ मध्ये ‘आननएर्बे’ ही संस्था निघाली. जर्मन पूर्वज सर्वश्रेष्ठ होते हे दाखवण्यासाठी तिने लोकपरंपरा, जुनी चिन्हे आणि उत्खनने वापरली. ग्रिम बंधूंच्या कथाही जर्मन वंशाचा वारसा म्हणून मुलांपुढे ठेवल्या गेल्या. वंशश्रेष्ठत्वाच्या याच विचाराने पुढे सुमारे साठ लाख ज्यूंचा बळी घेतला.

दुसरा प्रकार : नवे ‘लोकगीत’ बनवून घेणे. स्टालिनच्या काळात मार्फा क्र्युकोव्हासारख्या लोकगायिकांनी जुन्या वीरगाथांच्या धर्तीवर लेनिन आणि स्टालिन यांच्या गाथा रचल्या. त्यासाठी अभ्यासक त्यांच्या मदतीला होते. चीनमध्ये १९५८ साली माओच्या पुढाकाराने गावोगाव नवी लोकगीते गोळा करण्याची मोहीम निघाली. गीतांत भरघोस पिकांचे गुणगान होते. प्रत्यक्षात त्यानंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली.

तिसरा प्रकार : नको असलेला आवाज बंद करणे. यासाठी हुकूमशाहीच लागते असे नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर निवडून आलेल्या मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. तमाशावरही निर्बंध आले. अण्णाभाऊंनी तोच तमाशा ‘लोकनाट्य’ म्हणून पुढे नेला. आज सरकारी योजनांच्या प्रचारासाठी कलापथके गावात येतात. त्यात गैर काही नाही. पण योजनेचे गुणगान करणाऱ्या पथकाला मानधन आणि प्रश्न विचारणाऱ्या शाहिरावर गुन्हा, असे होऊ लागले की सावध व्हायला हवे.

आपल्या समाजाला हा खेळ नवा नाही. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणारी कथा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. ज्याला हरवता येत नाही, त्याला आपल्या कथेत सामावून घ्यायचे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा ही कथा खोटी आणि खोडसाळ म्हणून नाकारते.

त्याआधी महात्मा फुल्यांनी दुसरा मार्ग दाखवला होता. पुराणातला वामन बळीला पाताळात घालतो आणि तरी देव ठरतो. गावातल्या बाया मात्र दिवाळीत ओवाळताना बळीचेच राज्य येवो म्हणतात. फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त हा लोकांचा बळी पुढे आणला आणि वामनाची कथा जिंकलेल्यांनी सांगितलेली आहे, हे दाखवले.

म्हणून कोणतीही लोककथा भाषणात, नाटकात किंवा मोबाईलवर आली की आपण तीन प्रश्न विचारू. ही कोण सांगतो आहे? हिची दुसरी रूपे कुठे गेली? हिच्यामुळे कोणाविरुद्ध राग तयार होतो? हेच प्रश्न आपल्या व्यासपीठांनाही लावावे लागतील. निवडणुकीत एखाद्या पुढाऱ्याचे नाव भीमगीतात घातले जाते, तेव्हा गप्प बसणाऱ्याला दुसऱ्यांवर टीका करण्याचा अधिकार उरत नाही.

आणि प्रश्न विचारून थांबून चालणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी आपला इतिहास दळता दळता जपला होता. तेच काम आपण आपल्या वस्तीत करू शकतो. धरणाआधीचे गाव पाहिलेली माणसे आता थकली आहेत. त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच बोलीत, एक शब्दही ‘सुधारून’ न घेता ध्वनिमुद्रण करा. गाव, तारीख, सांगणाऱ्याचे नाव लिहा. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही ठेवा.

सत्तेला एकच गोष्ट हवी असते. लोकांकडे नेहमी अनेक असतात. त्या अनेक जपणे हेच आपले काम आहे.

जय भीम!