वन्यप्राणिसंख्येची संगणकीय प्रतिरूपे आणि सुलभतेचा प्रश्न

पी. एच. लेस्ली यांनी १९४५ साली वयोगटनिहाय जननदर व मृत्युदर एका सारणीत मांडून प्राणिसंख्येच्या भावी वाढीचे गणित सिद्ध केले. ही सारणी सरासरीवर चालते. दहावीस प्राण्यांच्या कळपाचे भवितव्य मात्र सरासरीने ठरत नाही. लागोपाठ नरच जन्मले किंवा एखादी साथ आली, तरी तो कळप नामशेष होऊ शकतो. मार्क शॅफर यांनी यलोस्टोनमधील ग्रिझली अस्वलांवरील १९७८ सालच्या प्रबंधात या यदृच्छेलाच संगणकीय प्रतिरूपात स्थान दिले.

याच परंपरेतील 'व्हॉर्टेक्स' ही आज्ञावली शिकागो येथील प्राणिसंस्थेत रॉबर्ट लेसी यांनी विकसित केली. व्हॉर्टेक्स म्हणजे भोवरा. संख्या घटली की अंतःप्रजनन वाढते, त्याने संतती क्षीण होते आणि संख्या आणखी घटते, अशा आवर्ताचा या नावात निर्देश आहे. आज्ञावली प्रत्येक प्राण्याचा स्वतंत्र हिशेब ठेवते. तो वर्षभर जगेल की मरेल, हे यादृच्छिक अंकाने ठरते. हाच खेळ शेकडो वेळा खेळला जातो आणि त्यांपैकी जितक्या वेळा कळप संपतो, त्या प्रमाणास विलोपाची संभाव्यता म्हणतात.

समीकरणे न जाणणाऱ्या वनाधिकाऱ्यालाही हे साधन वापरता यावे, म्हणून त्यातील पृच्छा प्राण्याच्या जीवनक्रमाला धरून येतात: मादी कोणत्या वयात प्रथम वीण करते? वर्षाकाठी किती माद्या वितात? पहिल्या वर्षी किती पिले दगावतात? अशी रचना वस्तुतः भाषांतराचेच कार्य होय. अनुभवी निरीक्षक 'साथ क्वचित येते' असे म्हणतो. प्रतिरूप विचारते, शंभर वर्षांत किती वेळा, आणि आल्यास किती प्राणी मरतात? १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे एकतृतीयांश सिंह कॅनाइन डिस्टेंपरने मेले. २०१८ साली गीरमधील मृत सिंहांतही तोच विषाणू आढळला. आशियाई सिंहांची वन्य वसती केवळ सौराष्ट्रात आहे. त्यांच्याविषयीच्या प्रतिरूपात हा एक रकाना भरला वा रिता ठेवला, यावर दुसऱ्या वसतीची निकड ठरते.

सुलभतेतील धोकाही येथेच आहे. वर्षानुवर्षांच्या मोजणीतून आलेला अंक आणि घाईने केलेला तर्क, एकदा रकान्यात उतरले की सारखेच दिसतात. निष्कर्ष मात्र दशांशासह छापून येतो. म्हणून चांगल्या रचनेने प्रत्येक अंकापाशी त्याचा आधार नोंदवावा आणि कोणता अंक थोडा बदलताच निष्कर्ष पालटतो, हे ठळकपणे दाखवावे. असा अंक सापडला, तर पुढील निरीक्षणाची दिशा मिळते. उपाययोजनांची परस्परांशी तुलना करण्यासाठी ही प्रतिरूपे विश्वसनीय ठरतात; विलोपाचे वर्ष सांगणारे पंचांग म्हणून त्यांच्याकडे पाहणे मात्र अयोग्य होय.