रुंद पडदा आणि कडेची जागा

दूरचित्रवाणी संच घ्यावयाचा तो साऱ्या कुटुंबासाठीं. म्हणून त्याची परीक्षा समोरून नव्हे, कडेला सरून करावी, असें आम्ही सुचवितों. ‘रिअर प्रोजेक्शन’ संचांत पेटींतील लहान चित्र भिंगानें मोठें होऊन आरशावरून पडद्याच्या पाठीवर पडे. पडदा भव्य खरा. परंतु बाजूला बसणारास चित्र अंधुक दिसे. मित्सुबिशीनें २०१२ सालीं हे संच बंद केले. ही परीक्षा मात्र आजच्या सपाट संचांसही लागू आहे.

मुंबई दूरदर्शन १९७२ सालीं सुरू झालें तेव्हांचें ४:३ चित्र १६:९ पडद्यावर ताणूं नये; चेहरे फुगतात. चतुर्थांश पडदा रिकामा राहिला तरी चालेल. परंतु अंधेरी-मुलुंडच्या लहान दिवाणखान्यांत आजीचें आसन बहुधा कडेलाच असतें. तेथून स्वच्छ दिसेल तोच संच घरीं आणावा.