हॉकींतील आघाडीचा गडी

“खेळून पोट भरतें काय?” असा प्रश्न पालकांकडून आम्हां शिक्षकांस नेहमीं विचारला जातो, आणि तो विचारणें अगदीं रास्त आहे. मुलगा सायंकाळचे दोन तास मैदानावर घालवितो ते अभ्यासांतून वजा होतात, हें कोणासही दिसतें. म्हणून खेळाच्या गुणांचें सामान्य वर्णन न करितां, हॉकी हाच ज्यांचा व्यवसाय झाला अशा आपल्याच महाराष्ट्रांतील एका खेळाडूची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हॉकी म्हटली कीं आपणांस मातीचें वा गवताचें मैदान आठवतें. कॅनडासारख्या थंड देशांत मात्र तो शब्द ऐकतांच लोकांच्या डोळ्यांपुढें बर्फ उभें राहतें. तेथें पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची रबरी चकती काठीनें ढकलीत खेळतात. एका बाजूस गोलरक्षक धरून सहाच गडी, व त्यांतील तिघे आघाडीचे. धांव इतकी दमविणारी असते कीं हे तिघे मिनिटाच्या आंत बाहेर येतात व ताजे तिघे त्यांची जागा घेतात. लडाखांत हिवाळ्यांत हा खेळ मोठ्या आवडीनें खेळला जातो. आमच्या नागपुरांत बर्फ दिसावयाचें तें उसाच्या रसाच्या गाडीवर!

आपल्याकडील हॉकींत प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. गोलासमोर सोळा यार्डांच्या त्रिज्येची एक रेषा आंखलेली असते, व तिच्या आंतून मारलेला चेंडूच गोल म्हणून मान्य होतो. बाहेरून कितीही जोराचा फटका मारिला तरी तो व्यर्थ. म्हणून आघाडीच्या गड्यास चेंडू काठीशीं ठेवून, बचावाचे दोन-तीन गडी चुकवून, त्या रेषेच्या आंत शिरावेंच लागतें. काठ्यांचे तडाखे बसतात ते बहुधा येथेंच. १९२८ सालीं ॲमस्टरडॅम येथें भारतानें आपलें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें, तें याच कौशल्यावर. (त्या संघाचे कर्णधार जयपालसिंग हे रांची येथील मिशन शाळेचे विद्यार्थी होते, हें येथें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.) तेव्हांपासून १९५६ पर्यंत ओळीनें सहा सुवर्णपदकें आलीं. पुढें १९७६ सालीं माँट्रियल येथें ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. तीवर चेंडू अतिशय वेगानें धांवतो, व दमास आणि पायांच्या बळास अधिक महत्त्व येतें. आमच्या देशांत तशीं मैदानें फार थोडीं असल्यानें आम्ही मागें पडलों.

अशा पडत्या काळांत धनराज पिल्ले पुढें आले. त्यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजीं पुण्याजवळील खडकी येथें एका तामिळ कुटुंबांत झाला. वडील नागलिंगम् हे दारूगोळ्याच्या कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. घरची स्थिति अत्यंत बेताची. तथापि आई अंडाळम्मा हिनें मुलांस खेळण्यापासून कधीं परावृत्त केलें नाहीं. नवी काठी परवडत नसे, तेव्हां मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन हीं मुलें वसाहतींतील चिखलमातींत खेळत, आणि धनराज हे महंमद शाहिद या नामांकित आघाडीच्या खेळाडूची ढब उचलूं पाहत. पुढें ते मुंबईस थोरले बंधु रमेश यांच्याकडे गेले. रमेश तेथें एका खतांच्या कारखान्याच्या संघांतून खेळत असत. धनराज यांस महिंद्र कंपनीच्या संघांत जागा मिळाली, व जोकिम कार्व्हालो यांच्या देखरेखीखालीं त्यांच्या खेळास शिस्त आली. १९८९ सालीं ते भारताकडून प्रथम खेळले.

आतां पोटाचा प्रश्न. त्या काळीं हॉकीपटूचें अन्न हॉकीच्या संघटनेकडून येत नसे. तें नोकरींतून येई. एखादी कंपनी, रेल्वे, पोलिसखातें वा विमानकंपनी खेळाडूस आपल्या संघासाठीं कामावर ठेवी. पिल्ले हेही महिंद्रनंतर इंडियन एअरलाइन्सकडे गेले. याशिवाय ते लंडन, फ्रान्समधील ल्यों, जर्मनींतील स्टुटगार्ट, मलेशिया व ढाका येथील क्लबांकडून खेळले. हा खरा व्यावसायिक खेळ, आणि तो परदेशांत जाऊन करावा लागला, ही गोष्ट आमच्या मतें आम्हां भारतीयांस भूषणावह नाहीं.

१९९८ सालीं बँकॉक येथें त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें आशियाई क्रीडास्पर्धेंतील सुवर्णपदक बत्तीस वर्षांनंतर जिंकिलें. देशभर आनंद झाला. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यासह कांहीं अनुभवी खेळाडूंस संघांतून वगळण्यांत आलें! विश्रांति दिली, असें कारण सांगितलें गेलें. खेळाडूंनीं सामन्यांचें मानधन मागितलें होतें त्याची ही शिक्षा, असें पुष्कळांनीं मानलें. नोकरींत वरिष्ठांची मर्जी सांभाळावी लागते हें पालक जाणतातच; येथें तर वयही धांवत असतें, आणि गेलेला एक हंगाम पुन्हां मिळत नाहीं.

ते परत आले. २००० सालीं सिडनी येथें पोलंडला हरविलें असतें तर उपांत्य फेरी गांठली जाती. भारत एका गोलानें पुढें होता, आणि अवघीं दोन मिनिटेंही उरलीं नसतां पोलंडनें बरोबरी साधली. पिल्ले चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळले. पदक एकींतही नाहीं. खेलरत्न पुरस्कार व पद्मश्री हे मान मात्र मिळाले. २००३ सालीं क्वालालंपूर येथें पाकिस्तानला नमवून भारतानें आशिया चषक प्रथमच जिंकिला, तेव्हां कर्णधार तेच होते. पुढील वर्षीं अथेन्सच्या ऑलिंपिकबरोबर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. त्या वेळीं ते ३६ वर्षांचे होते. ज्या वयांत शिक्षकाचा वा वकिलाचा जम नुकता बसूं लागतो, त्या वयांत आघाडीच्या गड्यास दुसरें काम पाहावें लागतें.

२०१३ सालीं हॉकी इंडिया लीग निघाली, व खेळाडूंचा लिलांव होऊन त्यांस आपल्याच देशांत भरघोस मोबदला मिळूं लागला. २०१७ नंतर ती बंद पडली. २०२४ च्या अखेरीस पुन्हां सुरू झाली. पिल्ले यांच्या वांट्यास ती आली नाहीं. ते भारताकडून ३३९ सामने खेळले. परंतु गोल किती केले याची अधिकृत नोंद संघटनेनें ठेविलीच नाहीं. कोणी १७० म्हणतात, इतकेंच.