भुईकोहळ्याची पुडी

आरामखुर्ची, टीव्ही आणि बिअरने भरलेला फ्रीज. बोस्टनजवळच्या मॅक्लिन हॉस्पिटलातली ही खोली दिसायला एखाद्या सड्याफटिंगाच्या ब्लॉकसारखी, पण होती प्रयोगशाळा. टीपॉयमध्येच वजनकाटा बसवलेला. ग्लास उचलला, घोट घेऊन परत ठेवला, की घोट केवढा होता त्याची नोंद होई.

स्कॉट लुकास यांचा हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात होती बऱ्यापैकी पिणारी १४ माणसं. कुडझू वेलीच्या मुळाचा अर्क सात दिवस घ्यायचा, मग या खोलीत बसून दीड तासात हवी तेवढी बिअर प्यायची. मर्यादा सहाची, ब्रँड ज्याच्या त्याच्या आवडीचा. एरवी सरासरी साडेतीन बिअर रिचवणारे अर्कानंतर १.८वर आले. बातमी जगभर गेली. मात्र तिच्यातला खरा मजेदार भाग मागेच राहिला. माणसं बसत होती तेवढाच वेळ, उलट घोटांची संख्या वाढली होती. घोट तेवढे लहान झाले होते. आणि पिण्याची इच्छा? ती होती तशीच! लुकास यांचा अंदाज असा की अर्कामुळे दारू मेंदूपर्यंत लवकर पोचत असावी, म्हणून पुढच्या ग्लासाची घाई राहत नसावी. म्हणजे दारूचा असर कमी झाला असं नव्हेच.

याआधी १९९३मध्ये हार्वर्डच्या केउंग आणि व्हॅली यांनी याच मुळातली द्रव्यं सोनेरी हॅमस्टरना दिली होती. हॅमस्टरच का? तर समोर पाणी आणि दारू दोन्ही ठेवलं तर हा इवलासा जीव दारूकडे वळतो. त्याचं पिणं निम्म्याहून खाली आलं. माणसाच्या बाबतीत एवढं सोपं नव्हतं: २०००मध्ये ३८ माजी सैनिकांवरच्या छोट्या चाचणीत व्यसन सोडवायला कुडझूचा उपयोग दिसला नाही.

या कुडझूची सख्खी बहीण आपल्याकडे आहे. प्युरेरिया ट्यूबरोसा, म्हणजे विदारीकंद, भुईकोहळा. विदर्भाच्या पानझडी जंगलात ही वेल झाडांवर चढते आणि तिचा कंद जमिनीत चांगला मोठा होतो. च्यवनप्राशात तो पडतोच.

नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या केळझरला, सिद्धिविनायकाच्या टेकडीखाली, एका जडीबुटीवाल्याने वाळलेल्या चकत्या माझ्यापुढे केल्या. ‘‘दुधात द्या भाऊ. बाईले दूध येते अन् माणसाची दारू सुटते.’’ दुधाचं ठीक. आयुर्वेदात विदारी स्तन्यवर्धक म्हणून जुनीच. दारूचं कलम नंतर कोणी जोडलं कोणास ठाऊक. वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे, त्यामुळे गिऱ्हाईक ‘‘घरच्यासाठी पाहिजे’’ एवढंच म्हणतं, पुढचं विक्रेत्याने ओळखायचं. कोणाच्या घरी कोण पितं ते गावाला माहीत असतंच.

खरी गंमत त्या चकत्यांची. काष्ठौषधींच्या बाजारात विदारीकंद म्हणून दोन वेगळ्याच वेली विकल्या जातात. एक ही, घेवड्याच्या कुळातली. दुसरी क्षीरविदारी, रताळ्याच्या कुळातली. तिचा ओला कंद कापला की पांढरा चीक येतो. वाळवून पूड केली की डोळ्यांनी फरक सांगणं कठीण. आणि हॅमस्टरचा ग्लास ज्याने हलका केला ते डेडझिन पहिलीच्या नात्यातलं.

‘‘चीक येते का याला ओला असताना?’’ मी विचारलं.

त्याने चकती उलटसुलट केली. ‘‘आमच्याकडे वाळूनच येते भाऊ. अर्धा पाव देऊ का?’’